परतीचं भाडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघ्यांच्या कुरकुरीमुळे यंदाचा पावसाळा पुण्याला मुलाकडे काढावा लागला. आमच्या दाभोशाला पाऊस सुरू झाला की अंगण शेवाळतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने शेवाळावर चालू नये असं डॉक्टर आणि सूनबाई या दोघांचं एकमत झालं. दिवाळीनंतर परत आले. धबधब्याचा आवाज आता उतरलाय. ऐन पावसाळ्यात लेंडी नदी तीनशे फुटांवरून उडी घेते तेव्हा रात्रभर कानात तोच आवाज असतो. पुण्यात मात्र चार महिने वेगळेच आवाज ऐकले. कसले ते आज सांगणार आहे. विषय ऐकून हसाल, पण सांगूनच टाकते. विषय आहे अंतराळातली लढाऊ जहाजं!

पुण्याच्या घरात माझी खाट नातवाच्या खोलीत. तो यंदा बारावीला. पहिले आठ दिवस त्याला वाटत होतं की आजीला माझ्यावर नजर ठेवायला इथे झोपवलंय. खरं सांगायचं तर तसंच होतं. सूनबाईने सांगितलंच होतं, "आई, बारावीचं वर्ष आहे, जरा बघा." पस्तीस वर्षांची नोकरी मुलांकडे 'जरा बघण्यातच' गेली, त्यामुळे मला ते काम नवीन नव्हतं.

संध्याकाळी क्लासहून आला की तो तासभर कॉम्प्युटरवर खेळायचा. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा मुलगा लढतो कमी आणि विचार जास्त करतो. वहीत तक्ते केले होते. वेग, वळण, ढाल, वजन, किंमत. भूगोलाच्या वहीतसुद्धा मी कधी मुलांकडून इतक्या रेघा मारून घेतल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाला, "आजी, जहाज निवडतोय." तीन दिवसांनी विचारलं तरी तेच उत्तर. अहो, आमच्याकडे स्थळ बघतानासुद्धा एवढा वेळ लावत नाहीत!

मग त्याने मला शेजारी खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं. खेळाचं नाव एलिट डेंजरस. मूळचा 'एलिट' १९८४ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी केला. हा त्याचा नवा अवतार डिसेंबर २०१४ मध्ये आला. यात आपली आख्खी आकाशगंगा आहे, सुमारे चाळीस हजार कोटी तारे! तुम्हाला एक लहानसं जहाज मिळतं आणि मग व्यापार करा, भटका, नाहीतर लढा. कोणी 'आता हे कर' म्हणून सांगत नाही.

जहाजांची नावं ऐकून मला तर हसूच आलं. साइडवाइंडर, व्हायपर, कोब्रा, क्रेट, पायथन, ॲनाकोंडा, मांबा. म्हणजे निम्मा सर्पोद्यानच की! मी म्हटलं, "अरे, नाग, मण्यार, घोणस, अजगर यांच्याशी माझी जुनी ओळख आहे." जव्हार तालुक्यात नोकरी केलेल्या माणसाला साप ओळखावेच लागतात. वर्ग चालू असताना कौलांतून मण्यार खाली पडली, तर काठी शोधायची की मुलांना जागेवर गप्प बसवायचं हे ठरवायला फार वेळ मिळत नाही. त्याला मी सांगितलं की आमची घोणस सुस्त, पाचोळ्यात वेटोळं करून पडून राहणारी. यांची व्हायपर मात्र सुसाट पळते. नाव ठेवणाऱ्याने घोणस पाहिलेली नसावी. यावर नातू इतका हसला की सूनबाई आत डोकावून गेली.

आता मुद्द्यावर येते. लढाईसाठी जहाज निवडायचं म्हणजे काय करायचं? माझं उत्तर सोपं होतं. चांगलं मोठं घे. ॲनाकोंडा घे. तिच्यावर तोफा भरपूर, ढाल जाड, किंमत नुसतीच चौदा कोटींच्या वर. (कोटी त्यांचे हं, क्रेडिटचे.) नातू म्हणाला, "आजी, ती वळेपर्यंत समोरचा तिच्या पाठीमागे जाऊन बसतो. आणि जो पाठीमागे बसला तो जिंकला."

मग एकेक जहाज दाखवलं. ईगल स्वस्त. तीन लहान तोफा आणि पातळ अंग, पण वळावं तर तिने. व्हायपर वेगवान, जाऊन मारावं आणि निसटावं अशी. व्हल्चरला दोनच तोफा, पण दोन्ही मोठ्या, आणि अंगाच्या मानाने वळणही चपळ. तिची अडचण अशी की आतलं वीजघर अपुरं, सगळं सामान एकदम चालवायला गेलं तर पुरत नाही. फर-द-लान्स ही माणसामाणसांतल्या द्वंद्वात मुरलेल्यांची आवडती. एक प्रचंड तोफ, चार मध्यम, ढाल भक्कम, पण लांबच्या प्रवासाला निकामी. किंमत पाच कोटींच्या वर. सगळ्या गोष्टी एकाच जहाजात हव्यात म्हटलं तर तसं जहाज या चाळीस हजार कोटी ताऱ्यांत नाही.

जहाज घेऊनही भागत नाही. आत शक्तीचे सहा ठिपके असतात. ढाल, इंजिन आणि तोफा या तिघांत ते वाटायचे, आणि एकाला चारच्या वर देता येत नाहीत. ढालीला चार दिले तर उरलेल्या दोघांना मिळून दोन. हे वाटप लढता लढता सतत बदलत राहावं लागतं. महिनाअखेरीला पगार पुरवणाऱ्या बायकांना हे शिकवायची गरज नाही! दुसरी गंमत वेगाची. पूर्ण वेगात असताना जहाज नीट वळत नाही. वेग मधोमध ठेवला की वळण सगळ्यांत चांगलं.

तोफांतही प्रकार. काही तोफा स्वतःच थोड्या वळून नेम धरतात, काही अगदी सरळ बसवलेल्या, त्यांचा नेम आपला आपण धरायचा. नेम धरणाऱ्यांचा मार कमी, सरळवालीचा जास्त. शिवाय शत्रूने एक प्रकारचा कचरा हवेत उधळला (हवा नसते तिथे, पण असो) की आपोआप नेम धरणारीला काही दिसेनासं होतं. मला लगेच आमची गाइडवाली मुलं आठवली. गाइड पाठ करून पेपर सोपा जातो, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की बिचारी इकडेतिकडे बघायला लागतात.

हे सगळं ऐकताना मला एकीकडे आमचा बैलबाजार आठवत होता. खिल्लार बैल बघावा, काय राजबिंडा! उंच, पांढराशुभ्र, पळायला वारा. पण तो माणदेशाच्या कोरड्या रानात. आमच्या उताराच्या भातखाचरात, गुडघाभर चिखलात आणि अखंड पावसात टिकतो तो डांगी. ठेंगणा, अंगावर काळेपांढरे डाग. कातडी तेलकट, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावरून निथळून जातं. आमचा कोणी शेतकरी बैल घेताना 'सगळ्यांत मोठा कुठला' असं विचारत नाही, आपलं शेत कसं आहे ते आधी बघतो. आणि मी एवढी वर्षं इथे राहून नातवाला ॲनाकोंडा घे म्हणून सांगत होते.

बी.ए.ला माझा विषय इतिहास, त्यामुळे पुढची गोष्ट मी त्याला सांगितली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी तिथे, आणि आरमार घेऊन मदतीला दौलतखान. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा चांगल्या. मराठ्यांची गलबतं लहान, वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यात शिरणारी. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब पकडली, पण कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज'ने तोफांचा मारा करून गलबतांना मागे लोटलं. म्हणजे समोरासमोर मोठं जहाजच भारी पडलं. पण वारा पडला की शिडाची जहाजं जागच्या जागी उभी राहायची आणि वल्ह्यांची गलबतं रात्रीतून बेटावर सामान पोचवून यायची. शेवटी १६८० साली इंग्रजांनी नाद सोडला. पुढे आंग्र्यांच्या गुराबा शत्रूच्या पिछाडीला जाऊन पुढच्या तोफांनी मारा करत. नातू म्हणाला, "आजी, हे तर आमचंच!" तोच खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा बातमी पहिल्यांदा मला त्यानेच वाचून दाखवली होती, ती का हे त्याला आता कळलं.

लहान जहाज नेहमी जिंकतं असं मात्र मी त्याला शिकवलं नाही. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात उभ्या उभ्या जळालं. चपळ जहाजाला हलायला जागाच राहिली नाही तर चपळाईचा काय उपयोग?

या खेळात एक आखाडा आहे, २०१५ साली निघालेला. तिथे तुमची श्रीमंती चालत नाही. चारच लहान जहाजं, त्यांतलं एक निवडायचं: काँडर, इंपीरियल फायटर, ईगल, नाहीतर साइडवाइंडर. कोट्यधीशालाही तीच आणि कालच्या पोरालाही तीच. जहाज फुटलं तर दंड नाही, लगेच दुसरं. मला हे फार आवडलं. म्हटलं, बघ, परीक्षा अशी असावी. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. नातू जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तसं नाहीये आजी. जुन्या खेळाडूंना जास्त चांगलं सामान उघडलेलं असतं. नव्याला साधंच मिळतं." शाळेत पस्तीस वर्षं काढूनही मला हे सतरा वर्षांच्या मुलाने सांगावं लागलं. कोणाच्या घरी वीज, कोणाच्या घरी चिमणी, आणि आम्ही म्हणायचो, सगळ्यांना पेपर सारखाच होता.

आखाड्याबाहेर मात्र जहाज फुटण्याची किंमत मोजावी लागते. माणूस मरत नाही, त्याच्यापुढे पाटी येते. जहाजाच्या आणि सामानाच्या किमतीच्या पाच टक्के भरा आणि तसंच जहाज परत घ्या. खेळणारे याला रीबाय म्हणतात. तेवढे पैसे नसतील तर जहाज गेलं. सुरुवातीला फुकट मिळालेलं साइडवाइंडर तेवढं पुन्हा मिळतं, आणि मग पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे सगळ्या जुन्या खेळाडूंचा एक नियम आहे. ज्याची रीबाय खिशात नाही ते जहाज घेऊन बाहेर पडायचं नाही. नातवाकडे फर-द-लान्स घेण्यापुरते पैसे जमले होते. घेतली असती तर खिसा रिकामा. म्हणून तो इतके दिवस तक्ते करत बसला होता. "घेता येते गं आजी," तो म्हणाला, "पण हरता येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगते.

१९९४ सालची गोष्ट. आमच्या शाळेत पहिलीपासून शिकलेला एका पाड्यावरचा मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. पाटीवर पहिला 'अ' मीच त्याच्याकडून गिरवून घेतला होता. पेढे घेऊन घरी आला. त्याला जव्हारलाच राहून पुढे शिकायचं होतं, म्हणजे आवणीला आणि कापणीला घरी जाता आलं असतं. मी त्याला रागावले. एवढे गुण मिळवून इथेच? छे! विज्ञानाला जा, शहरात जा. त्याचे वडील माझ्या शब्दाबाहेर नव्हते. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार. फॉर्म मी भरला, ओळखीने राहायची सोय मी लावली. एस.टी.त बसवताना जाण्याचं भाडं आणि वर पन्नास रुपये त्याच्या हातात ठेवले आणि म्हटलं, "आता तोंड दाखवायचं ते पास होऊनच." मला वाटलं मी त्याला बळ देते आहे.

विज्ञान सगळं इंग्रजीतून. तो अकरावीतच नापास झाला. आणि परत आलाच नाही. पाड्यावर कोणी म्हणे वीटभट्टीवर आहे, कोणी म्हणे वसईकडे एका कारखान्यात. चार वर्षं त्याच्या आईला त्याचा पत्ता नव्हता. त्या बाईने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. बाजारात भेटली की माझ्या पिशवीत दोन काकड्या टाकायची.

पुढे तो गावी परतला. मी निवृत्त झाल्यावर, २०११ च्या सुमारास, जव्हारच्या बाजारात मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घेऊन उभा होता. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. वाकून पाया पडला. मोगरा लावलाय म्हणाला, थोडी नागली, दोन मुलं. मी विचारलं, "अरे, तेव्हाच का परत आला नाहीस?" तो हसून म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, पास होऊनच ये." त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने मला कळ्याही दिल्या. घरी येईपर्यंत त्या ओंजळीत तशाच धरून होते.

मी त्याला मोठ्या जहाजात बसवलं, ही माझी चूक होती असं मला आजही पूर्णपणे वाटत नाही. त्याच्यासारखीच गेलेली आणि तरून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. माझी चूक निराळीच होती. जायचं भाडं मी दिलं, परतीचं दिलं नाही. उलट परतीची वाटच माझ्या एका वाक्याने बंद केली.

आता शेवटचं. गणपतीत घरात नातवाच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा निघाली. एक मोठं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज मुलाच्या मनात आहे. फी ऐकून मी दोनदा विचारलं की आकडा बरोबर आहे ना. त्यासाठी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायची तयारी. मुलगा म्हणत होता, "त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं." बापाचं मन आहे, त्यात काही चूक नाही. नातू मान खाली घालून मोदक चिवडत होता. मग हळूच म्हणाला, "आणि मी पहिल्या वर्षाला अडकलो तर रीबाय किती, बाबा?" मुलाला कळलं नाही. तो म्हणाला, "जेवताना तरी गेम बाजूला ठेव."

मला कळलं.

मी काही निवाडा दिला नाही. कुठलं कॉलेज हे मला कळत नाही, आणि 'बाई सांगतात म्हणजे बरोबर' हे मी एकदा करून बसले आहे. पण मुलाला एकटं गाठून टोपलीतल्या मोगऱ्याची गोष्ट सांगितली. तो ऐकून बराच वेळ गॅलरीत उभा होता. आणि माझी निवृत्तीच्या पैशांची एक लहानशी ठेव आहे, ती नातवाच्या नावाने केली. त्याला बजावून सांगितलं की ही फीसाठी नाही. कॉलेज लहान असो की मोठं, वर्ष गेलं, शाखा बदलावीशी वाटली, नाहीतर नुसतं घरी परत यावंसं वाटलं, तर त्यासाठी. बारावीचा निकाल अजून लागायचा आहे. कर्जाचं काय ते बापलेक ठरवतील.

त्याने शेवटी जहाज कुठलं घेतलं ते सांगायचं राहिलंच. फर-द-लान्स नाही, व्हायपर घेतली. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आमच्याकडे रेंज मिळवायला अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं, तशी उभी होते. म्हणाला, "आजी, आज चौथ्यांदा फुटली."

"पैसे उरलेत का?"

"उरलेत."

"मग जेवून घे, आणि अभ्यासाला बस."